सोळाव्या सेकंदाचा खोकला

केतकी गुरवचं गायनाचं रौप्यपदक एका गुणाने हुकलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. बारा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी शेट्येकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या पिंपावर बसलो होतो, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणं बरं दिसत नाही.

शेट्येकाका आमच्या आडीवळे हौशी नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. मी ऑर्गनवाला. काकांच्या हातात संगीत नाट्य स्पर्धेच्या कचेरीतून आलेलं पत्र होतं.

"अंतिम फेरीत आलो आपण," काका म्हणाले. कुणाच्या तेराव्याची वेळ सांगावी तसं.

"मग चांगलंच आहे की."

"पुढं वाच, मेल्या."

मी वाचलं. ‘संगीत चंपकनगरी या नाटकात नायिकेची भूमिका करणाऱ्या कु. केतकी गुरव यांचा आवाज असामान्य आहे. मात्र तिसऱ्या अंकातील पदात त्यांना खोकल्याची उबळ आली. अंतिम फेरीत असे घडल्यास गायनाचे गुण देता येणार नाहीत. प्रकृतीची काळजी घ्यावी.’

"खोकली कधी ती?" मी विचारलं.

"तेच म्हणतो मी. चांगली ठणठणीत होती. माझ्या शेजारी बसून दोन वडे खाल्लेन."

आम्ही दोघं विचारात पडलो. विचार करताना काकांना गुणगुणायची सवय होती. गिऱ्हाइकाचे दोन इंची खिळे तोलत त्यांनी तेच पद धरलं. "वाट सरे परि... नजर सरे... नजर... ख्खॉक्... सरेना..."

"काका, तुम्ही आत्ता खोकलात."

"हट्. तो पदातला आहे."

काट्यातले खिळे तसेच राहिले. गिऱ्हाईक आमच्याकडे बघत राहिलं. मग तेही हळूच म्हणालं, "तिथं खोकायचंच असतं ना?"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या गावात हे पद गुणगुणणारा प्रत्येक माणूस तिथं खोकायचा. न्हावी खोकायचा, पोस्टमन खोकायचा, बायका भांडी घासताना खोकायच्या. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला खटकलं नव्हतं. पद होतं गोपीनाथ मास्तरांचं. चाळीसेक वर्षांपूर्वी मास्तर शालू नेसून स्वतः चंपकनगरीची राणी करायचे. राजा होडीतून निघून जातो, राणी काठावर उभी राहते आणि ‘वाट सरे परि नजर सरेना’ ही ओळ शेवटच्या तानेसकट एका दमात म्हणते. सत्तावीस सेकंद. त्या एका दमासाठी लोक पाच पाच कोस चालत यायचे. मास्तरांबरोबर आपणही श्वास धरायची पैज लागायची, आणि एकदा एका खोताला बाहेर नेऊन तोंडावर पाणी मारावं लागलं होतं म्हणतात.

मास्तर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. केतकीला सगळं नाटक त्यांनीच शिकवलं. फक्त या ओळीशी आल्यावर ते म्हणाले होते, "माझा गळा आता तिथं जात नाही. कॅसेटवरून घे." मंडळाकडे मास्तरांच्या एका जुन्या प्रयोगाची कॅसेट होती. केतकीने त्यावरून घेतलं. सगळं घेतलं.

"आपल्याकडे नऊ दिवस आहेत," काका म्हणाले. "तू तिचा खोकला काढ."

"मी डॉक्टर आहे का?"

"तू ऑर्गन वाजवतोस. डॉक्टरला काय कळतं त्यातलं?"

केतकी एकोणीस वर्षांची होती. वडील देवळात पूजेला आणि सनईला. स्पर्धेत गायनाच्या पहिल्या क्रमांकाला रौप्यपदक असे, आणि ते मिळवणाऱ्याला पुण्याच्या एका संगीत विद्यालयात दोन वर्षं राहून शिकायला मिळत असे. वडिलांनी सांगून टाकलं होतं, पदक आणलंस तर मी स्वतः ट्रंक उचलून तुला एस.टी.त बसवतो, नाही आणलंस तर जूनमध्ये डी.एड. गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, कारण त्यांनी ते सनईच्या दोन सुरांच्या मधल्या वेळात, देवळात उभं राहून सांगितलं होतं.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मी ऑर्गन उघडला आणि तिला पत्र दाखवलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"नाही खोकणार. त्यात काय!"

"म्हण."

ती गायला लागली. मी घड्याळ बघत होतो. सोळाव्या सेकंदाला खोकल्याची जागा आली, ती खोकली नाही, आणि नळाचं पाणी जावं तसा तिचा आवाज गेला. तोंड उघडं, आत काही नाही.

"पुन्हा."

पुन्हा सोळा. तिसऱ्यांदा पंधरा. चौथ्यांदा तिचे डोळे इतके मोठे झाले की मीच वाजवायचं थांबवलं.

"मास्तरांना जमायचं," ती धापा टाकत म्हणाली.

"मास्तर खोकायचे."

"ते वेगळं."

हॉलच्या भिंतीवर मानवी श्वसनसंस्थेचा तक्ता होता. तो शाळेचा होता, माझा त्यात काही हात नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"हृषीदा, खोकल्यावर माणूस काय करतो?"

"सॉरी म्हणतो."

"श्वास घेतो."

ऑर्गनच्या पायपट्ट्यांवरचे माझे पाय थांबले. त्याच एका दमासाठी लोक पाच पाच कोस चालत येत होते.

"त्यांना दमा असेल," मी म्हणालो. "आपोआप येत असेल."

"बरोबर तिथंच? दर प्रयोगाला?" ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "हे कुणाला बोलायचं नाही. काकांना नाही, मास्तरांना तर नाहीच. शप्पथ घे."

"कुणाची?"

"ऑर्गनची."

मी घेतली. ऑर्गन तेव्हा चांगल्या स्थितीत होता.

"तू सरळ श्वास घे ना तिथं," मी म्हणालो. "परीक्षक काय फाशी देतील?"

"दमसासाला वेगळे गुण आहेत. आणि मास्तर समोर बसणार. मी श्वास घेतला तर त्यांना कळेल ना, की मला कळलं." ती पुन्हा तक्त्याकडे वळली. "खरोखरच एका दमात म्हणायला हवं. जे ते म्हणायचे असं सगळे म्हणतात, ते."

पुढचे चार दिवस मी तिला शिकवलं. मला गाता येत नाही हे इथं नोंदवून ठेवतो. पण ऑर्गन हवेवर चालतो, आणि हवा कुठून गळते हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. मी तिला जमिनीवर उताणं झोपवलं आणि पोटावर इयत्ता सातवीच्या हजेरीपटांचा गठ्ठा ठेवला. श्वास घेताना हजेरीपट वर गेला पाहिजे, खांदे नाही. गाताना हजेरीपट एकदम खाली पडता कामा नये, हळूहळू उतरला पाहिजे.

"एका वर्गाची एवढी हजेरी?" ती खालून म्हणाली.

"बोलू नकोस. हवा जाते."

मग मी गळती शोधली. ती ‘स’मध्ये होती. त्या ओळीत ‘सरे’ आणि ‘सरेना’ घोळून घोळून सात वेळा येतं, आणि केतकी प्रत्येक ‘स’ सायकलच्या पंक्चरसारखा सोडत होती. मी तिच्या तोंडासमोर मेणबत्ती धरली. ‘स’ला ज्योत हलली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांत ज्योत हलायची थांबली आणि आम्ही एकोणीस सेकंदांवर आलो. चौथ्या दिवशीही एकोणीसच. ती रडली नाही, पण मेणबत्ती तिने बोटांनी विझवली.

"आठ सेकंद राहिले," मी म्हणालो.

"मला मोजता येतं."

"आणि पाच दिवस."

"तेही येतं."

पाचव्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी एक हुशारी केली. शप्पथ ऑर्गनची होती आणि ऑर्गन शाळेत होता. मी टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि मास्तरांकडे गेलो.

मास्तर ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. अजूनही मान वळवून बघताना त्यांचा हात नकळत पदर सावरायला जायचा.

"ये रे. पोरगी काय म्हणते?"

"बरी आहे. मास्तर, एक विचारायचं होतं. त्या ओळीत मध्ये कुठं श्वास घेतला तर चालेल का?"

अडकित्ता थांबला. "श्वास? त्या ओळीत?"

"छोटासा."

"मी गेल्यावर घ्या. मोठा घ्या."

"नाही, म्हणजे तुमचा तो खोकला येतो ना तिथं..."

"कसला खोकला?"

आता माणसाने इथं थांबावं. मी टेप लावली. खरखर, पेटी, आणि मग मास्तरांचा तो चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज, असा की ओटीवरचं मांजर उठून बसलं. आणि मग, स्वच्छ, खणखणीत, ख्खॉक्.

मी टेप बंद केली. मास्तर माझ्याकडे बघत होते.

"हा बाबल्या," ते म्हणाले.

"कोण?"

"आमचा पेटीवाला. विड्या ओढायचा. दर प्रयोगाला खोकायचा, तरी किती सांगितलं मी त्याला." त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "गेला बिचारा."

"हो, बाबल्याच असणार," मी म्हणालो. बाबल्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याविषयी मला एकदम आपुलकी वाटली.

मी उठलो. ओटीच्या पायरीवर असताना मास्तर मागून म्हणाले, "किती पुरतो तिला?"

"काय?"

"दम रे."

"एकोणीस सेकंद."

"हं." अडकित्ता दोनदा वाजला. "रविवारी मला पहिल्या रांगेत जागा ठेव. कडेची नको. मधली."

केतकीला मी यातलं काही सांगितलं नाही. गुरुवारी हॉलमध्ये वीस सेकंद झाले, पण ते वीस ऐकवत नव्हते. कुणाचा तरी गळा आवळलेला असताना तो पत्ता सांगतोय असं वाटायचं.

"तू राजाकडे बघतच नाहीस," मी म्हणालो. "तू घड्याळाकडे बघतेस."

"राजा आहे कुठं? तिथं विंगेत शेट्येकाका पुठ्ठ्याची होडी ढकलत असतात. तोंडात तंबाखू."

"चल."

मी तिला खाडीवर नेलं. धक्क्यावरून पलीकडच्या गावाला होडी जायची. होडीत चार माणसं, एक बकरी आणि नाखवा. मी म्हणालो, "ही तिवरांच्या झाडीमागे वळेपर्यंत तिला सोडायचं नाही. मोजायचं नाही. मीही मोजणार नाही." ते खोटं होतं. मी खिशातल्या घड्याळावर बोट ठेवलं होतं.

होडी सुटली. केतकीने ओळ धरली. पहिल्या ‘सरे’ला होडीतल्या एका बाईने वळून पाहिलं. दुसऱ्या ‘सरे’ला सगळ्यांनी वळून पाहिलं. बकरीनेही. आणि होडी तिवरांकडे जायच्या ऐवजी हळूहळू वळून आमच्याकडेच यायला लागली.

"कोण राहिलंय काय?" नाखवा ओरडला.

"कोणी नाही! जा तुम्ही!" मी ओरडलो.

"मग बोलावता कशाला?"

केतकी धक्क्यावर बसून पोट धरून हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी नाखव्याला सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती खोकायची जागा असते, ती ओळ ना?"

दुसऱ्यांदा होडी सुटली. केतकी उभी राहिली, हात मोकळे, अजून अर्धं हसू तोंडावर. आणि तिने ओळ धरली. यावेळी ती होडीकडे बघत होती. ती बाई होडीतून हात हलवत होती. सोळावा सेकंद गेला, एकोणिसावा गेला. शेवटची तान सुरू झाली तेव्हा होडीचं टोक तिवरांच्या मागे गेलं, बकरी गेली, त्या बाईचा हात तेवढा दिसत राहिला आणि मग तोही गेला. तेव्हा केतकी थांबली.

अठ्ठावीस सेकंद.

मग ती म्हणाली, "अजून होता. थोडा."

शुक्रवारी चार वेळा झालं. शनिवारी तीन वेळा, हॉलमध्ये, होडीशिवाय. हे मास्तरांना जाऊन सांगावं असं शनिवारी दुपारी माझ्या मनात आलं होतं. पण ऑर्गन टेम्पोत चढवायचा होता, दोऱ्या आणायच्या होत्या. रविवारी भेटतीलच, असं म्हटलं.

रविवारी दुपारी चारला प्रयोग. रत्नागिरीच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीत मास्तर बसले होते. धोतर, काळा कोट, मांडीवर दोन्ही हात. ते पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी आले आणि मी पडद्याच्या फटीतून त्यांना नुसतं बघू शकलो. तीन परीक्षक मधल्या रांगेत टेबलामागे, प्रत्येकासमोर छोटा दिवा.

दोन अंक गेले. तिसऱ्यात काकांनी होडी ढकलली. ती आज अडकली नाही, हाच मी शुभशकुन मानला. केतकी काठावर आली. मी सूर धरला. तिने विंगेतून दिसेनाशा होणाऱ्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि ‘वाट सरे’ म्हणाली, आणि तिथं खाडी आली. मी शपथेवर सांगतो. ऑर्गनच्या नव्हे, दुसऱ्या कशाच्याही.

मी मनात मोजत होतो. आठ. तिचे खांदे शांत. अकरा. बोटं मोकळी. तेरा. तिच्या मानेची एकही शीर दिसत नव्हती. चौदा. तिच्यात इतका दम शिल्लक होता की मला तो दिसत होता, भरल्या घागरीत पाणी दिसावं तसा. पंधरा.

सोळाव्या सेकंदाला मास्तर खोकले.

तो म्हाताऱ्या माणसाचा खोकला नव्हता. कसलेल्या नटाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा असा तो खोकला होता. ख्खॉक्. माझी बोटं एका स्वरावर गोठली. परीक्षकांचे तिन्ही दिवे हलले. केतकीने मास्तरांकडे पाहिलं. क्षणभरच. मास्तर तिच्याकडेच बघत होते, हनुवटी जरा उचलून, लहान मुलाला रस्ता ओलांडताना ‘हं, ये आता’ म्हणावं तसे.

आणि केतकीचे खांदे वर गेले. तिने श्वास घेतला.

मग उरलेली ओळ. मग तान. मग टाळ्या, बराच वेळ.

प्रयोगानंतर मास्तर गाडीच्या दाराशी उभे होते. केतकी पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बघितलंस? एका दमात म्हणाली पोरगी."

"हो मास्तर."

"माझ्यासारखंच."

"अगदी तुमच्यासारखं."

गाडी गेली. आम्ही टेम्पोत ऑर्गनशेजारी बसून परत निघालो. हातखंबा येईपर्यंत मी थांबलो.

"दम संपला होता?"

"नाही."

"मग?"

ती ऑर्गनला बांधलेली दोरी घट्ट करत होती. ती आधीच घट्ट होती. "तू मास्तरांना सांगितलंस ना, की मला पुरत नाही म्हणून?"

मी मान हलवली.

"मग पुरतो हे नाही सांगितलंस."

"दोऱ्या आणायच्या होत्या."

टेम्पो खड्ड्यात गेला आणि ऑर्गनमधून एक बारीक सूर आला.

"चाळीस वर्षं लपवलेलं त्यांनी सगळ्यांसमोर काढून दिलं मला," ती म्हणाली. "आणि मी काय म्हणू, नको, माझ्याकडे आहे?"

निकाल मंगळवारी आला. शेट्येकाकांनी दुकानाचं अर्धं शटर ओढून वाचला. पहिल्या मुलीला एक्क्याण्णव, केतकीला नव्वद. दमसास : दहापैकी आठ. खाली शेरा. ‘सर्वोत्तम ओळीत मध्येच श्वास घेतल्याने दमसास अपुरा. तसेच प्रेक्षकांतील एका वृद्ध गृहस्थाच्या खोकल्यामुळे रसभंग झाला. संस्थेने आपल्या प्रेक्षकांना समज द्यावी.’

समज कुणी दिली नाही. जूनमध्ये केतकीने डी.एड.ला नाव घातलं. गणपतीच्या आधी मास्तर गेले. त्यांच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी त्या एका दमाची आठवण सांगितली. केतकी दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होती आणि प्रत्येक वेळी मान डोलवत होती. आता ती दापोलीकडे एका शाळेवर आहे, लग्न होऊन. आम्ही वर्षातून एकदा बोलतो. या विषयावर बोलत नाही. म्हणून खालील मजकूर तिला न विचारता पाठवत आहे.

प्रति,
मा. समन्वयक, संगीत नाट्य स्पर्धा, अंतिम फेरी यांस.

विषय : दमसास या रकान्यातील दोन गुणांबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, बारा वर्षांपूर्वीच्या अंतिम फेरीत तिसऱ्या अंकी, सोळाव्या सेकंदास घेण्यात आलेला श्वास हा गायिकेच्या गरजेचा नव्हता. तो पहिल्या रांगेतून देण्यात आला होता व गायिकेने तो उभ्याने, आदरपूर्वक स्वीकारला. गायिकेस तिचा स्वतःचा दम पुरत असल्याचे संबंधितांस वेळेत कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची होती. ती अर्जदाराने पार पाडली नाही. सबब सदर श्वास ‘अपुरा’ या सदरातून वगळून योग्य त्या रकान्यात दाखवण्यात यावा. आपल्या गुणपत्रिकेत तसा रकाना नसल्यास तो नव्याने आखून घ्यावा. पट्टी व पेन्सिल अर्जदार स्वतः घेऊन येईल.